मोबाईलची बॅटरी आणि आपण

अशोक स्तंभापासून गंगापूर रोड निघतो. गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असे करत तो गंगापूर गावाकडे आणि पुढे धरणाकडे जातो. या रस्त्यावर कामाला येणारी माणसे हजारो आहेत. कोणी भाजी विकते, कोणी रिक्षा चालवते, कोणी बंगल्यांत धुणी-भांडी करते, कोणी बांधकामावर वाळू चाळते. पुढे गेले की द्राक्षबागांत खुडणीला जाणाऱ्या बाया भेटतात. या सगळ्यांजवळ एक वस्तू सारखी आहे. ती म्हणजे मोबाईल फोन.

फोन आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रिक्षावाल्याला भाडे फोनवर कळते. भाजीवालीचे पैसे फोनवर जमा होतात. मुकादम उद्याचे काम फोनवर सांगतो. गावाकडची म्हातारी आई फोनवरच बोलते. फोन बंद पडला तर त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून आपण त्याला जपतो. पण फोनच्या पोटातली बॅटरी आपण ओळखतो का? ती कशी चालते, कधी बिघडते, बिघडली तर काय करायचे आणि दाद कोणाकडे मागायची, हे या पाठात पाहू.

बॅटरीच्या पोटात काय असते

फोनच्या बॅटरीला लिथियम-आयन बॅटरी म्हणतात. लिथियम हा फार हलका धातू आहे. अशी बॅटरी पहिल्यांदा १९९१ साली जपानमधील सोनी कंपनीने बाजारात आणली. ज्यांच्या संशोधनातून ती तयार झाली, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपण सुरळीची वडी करतो. पातळ थर पसरतो, त्यावर सारण घालतो आणि गुंडाळतो. बॅटरी तशीच समजा. त्यात दोन पातळ पत्रे असतात. एक तांब्याचा, एक ॲल्युमिनियमचा. तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप असतो. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतले शिसे. दुसऱ्या पत्र्यावर लिथियम असलेल्या रसायनाचा लेप असतो. दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो. तो माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. हे सगळे गुंडाळून किंवा घड्या घालून पाकिटात भरतात आणि त्यात एक द्रव घालतात.

चार्जिंग करताना लिथियमचे कण एका पत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. फोन वापरताना ते परत फिरतात. पडद्याला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून हे कण ये-जा करतात. पण दोन्ही पत्र्यांनी एकमेकांना शिवायचे नाही, हा पडद्याचा नियम. सगळी सुरक्षितता त्या पडद्यावर आहे.

आता दुसरी गोष्ट. बॅटरीतला द्रव पाण्यासारखा नसतो. तो पेट घेणारा असतो, रॉकेल किंवा स्पिरिट पेटते तसा. म्हणजे आपण खिशात काय बाळगतो? थोडी वीज आणि थोडे जळणारे द्रव्य. वीज किती? आजच्या साध्या फोनच्या बॅटरीवर ५००० हा आकडा दिसतो. तेवढ्या विजेवर दहा वॉटचा एलईडी दिवा सुमारे दोन तास जळेल. ही वीज दोन तासांत हळूहळू बाहेर पडली तर उजेड देते. एका क्षणात बाहेर पडली तर चटका देते.

ती का बिघडते

पडदा फाटला किंवा वितळला की दोन पत्रे एकमेकांना भिडतात. तिथे ठिणगी पडते, उष्णता होते. उष्णतेने शेजारचा पडदा वितळतो. मग आणखी उष्णता. असे करत करत सगळी बॅटरी काही सेकंदांत भडकते. बाहेरून कोणी हवा दिली नाही तरी ही उष्णता वाढतच जाते. म्हणून तिच्यावर गोधडी टाकून आग विझत नाही.

पडदा कशाने बिघडतो?

एक, मार लागल्याने. फोन उंचावरून पडतो, गाडीखाली येतो, मागच्या खिशात ठेवून आपण त्यावर बसतो.

दोन, उष्णतेने. नाशिकच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीवर जातो. रिक्षाच्या काचेजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये, चुलीशेजारी ठेवलेला फोन हातात धरवत नाही इतका तापतो. उशीखाली चार्जिंगला लावलेला फोनही असाच तापतो, कारण त्याची उष्णता बाहेर जायला वाट नसते.

तीन, नकली चार्जर आणि नकली बॅटरीने. चांगल्या बॅटरीला एक छोटी पट्टी जोडलेली असते. ती राखणदाराचे काम करते. बॅटरी भरली की चार्जिंग थांबवते, जास्त तापली की वीज तोडते. स्वस्त मालात हा राखणदार कच्चा असतो किंवा नसतोच.

चार, कारखान्यातल्या चुकीने. याला आपण काही करू शकत नाही. त्याची मोठी उदाहरणे पुढे येतील.

बॅटरी बहुतेक वेळा आधी इशारा देते. ती फुगते. आतली रसायने बिघडून वायू तयार होतो आणि पाकीट फुगते. फोनची पाठ वर येते, पडदा कडेने सुटतो, टेबलावर ठेवलेला फोन भोवऱ्यासारखा गरगर फिरतो. कधी गोडसर, औषधासारखा वास येतो. ही चिन्हे दिसली तर तो फोन त्याच दिवशी वापरायचा बंद करावा. “अजून चालतोय ना, चालू दे,” असे म्हणू नये. फुगलेली बॅटरी दाबून बसवणे किंवा टाचणी मारून वायू काढणे म्हणजे तो पडदा आपल्याच हाताने फाडणे होय.

नाशिकमध्ये काय घडले

हे दूरदेशीचे प्रकार नाहीत. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकला पाथर्डी परिसरात विजेच्या स्कूटर वाहून नेणाऱ्या एका कंटेनरला आग लागली. आत चाळीस स्कूटर होत्या. त्यांतल्या वीस जळाल्या. सुदैवाने माणूस दगावला नाही. स्कूटरची बॅटरी फोनच्याच जातीची असते, फक्त कितीतरी मोठी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईला घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा एक मुलगा भाजून गेला. झोपेच्या वेळी बॅटरी चार्जिंगला होती.

सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिकच्या सिडकोतील उत्तमनगर भागात एका घरात स्फोट झाला. तिघे जखमी झाले. शेजारच्या घरांच्या काचाही फुटल्या. चार्जिंगला लावलेला मोबाईल फुटला, अशी बातमी गावभर झाली. मोबाईलजवळ अत्तराची बाटली होती, असेही त्या वेळच्या बातम्यांत आले. ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. फोनची एवढीशी बॅटरी पेटली तर हात भाजेल, गादी जळेल. पण तिच्याशेजारी अंगावर मारायच्या सुगंधाचा डबा, डास मारायचा फवारा, रॉकेल किंवा गॅसची शेगडी असेल तर लहान आगीची मोठी आग होते. म्हणून चार्जिंगची जागा मोकळी हवी.

सन २००७ : चार कोटी साठ लाख बॅटऱ्या

आता जुनी गोष्ट सांगतो. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकिया कंपनीने जाहीर केले की, आमच्या फोनमधील बीएल-५सी नावाच्या काही बॅटऱ्यांत दोष आहे. चार्जिंग करताना त्या फार तापू शकतात. या बॅटऱ्या जपानमधील मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात तयार केल्या होत्या. त्यांची संख्या होती चार कोटी साठ लाख. जगभरातून तापल्याच्या सुमारे शंभर तक्रारी आल्या होत्या. ग्राहकाला नवी बॅटरी फुकट बदलून मिळणार होती.

त्या वेळी आपल्या देशात नोकियाचे फोन घरोघरी होते. ११०० नंबरचा टॉर्चवाला छोटा फोन अनेकांना आठवत असेल. त्यातही हीच बीएल-५सी बॅटरी असे. बातमी आली आणि गावोगाव एकच घबराट झाली. फोनचा बॉम्ब होतो, अशी आवई उठली. कंपनीच्या केंद्रांवर रांगा लागल्या. ज्यांचे फोन वेगळे होते, तेही घाबरून गेले.

खरे पाहता काम सोपे होते. फोनचे मागचे झाकण उघडायचे. बॅटरीवर बीएल-५सी लिहिले आहे का ते पाहायचे. नसेल तर भीतीचे कारण नाही. असेल तर बॅटरीच्या मागे छापलेला २६ अंकी क्रमांक वाचायचा आणि तो कंपनीला कळवायचा. कंपनी सांगत होती, ही बॅटरी दोषी आहे की नाही.

म्हणजे त्या दिवशी भीती आणि निश्चिंती यांच्यामध्ये काय होते? २६ आकडे. ज्याला आकडे वाचता येत होते, त्याचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. ज्याला येत नव्हते, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. साक्षरतेचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर आम्ही हे उदाहरण देतो.

सन २०१६ : एका फोनची परतपाठवणी

ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंग कंपनीने गॅलेक्सी नोट ७ नावाचा महागडा फोन परदेशांत विकायला काढला. थोड्याच दिवसांत फोन पेटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवली आणि सुमारे २५ लाख फोन बदलून देण्याचे ठरवले. भारतात हा फोन दुकानांत येण्याआधीच अडला. ९ सप्टेंबरला आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात हा फोन चालू करायला व चार्ज करायला मनाई केली.

बदलून दिलेले फोनही पेटू लागले. तेव्हा ऑक्टोबरमध्ये कंपनीने हा फोन बनवणेच कायमचे बंद केले. जानेवारी २०१७ मध्ये तपासाचा निकाल सांगण्यात आला. बॅटऱ्या दोन कारखान्यांतून आल्या होत्या. एका कारखान्याच्या बॅटरीत कोपऱ्याला जागा कमी होती, त्यामुळे आतला पत्रा वाकत होता. दुसऱ्याच्या बॅटरीत जोडकामाची टोके उंच राहिली होती, ती पडदा भेदून जात होती. दोन्ही वेळी दगा झाला तो त्या पातळ पडद्याशीच.

येथे ग्राहकांचे दोन प्रकार दिसले. बहुतेकांनी फोन परत केले. पण काही जण म्हणाले, “माझा फोन चांगला चालतो, मी देणार नाही.” शेवटी कंपनीला दुरूनच असे करावे लागले की, ते फोन नीट चार्ज होऊ नयेत. अमेरिकेत तर चार्जिंगच बंद केले. माणसाला वस्तूचा लोभ सुटत नाही, हे श्रीमंत देशातही तसेच आहे.

त्याच सप्टेंबरमध्ये सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या एका विमानात वरच्या कप्प्यातल्या बॅगेतून धूर येऊ लागला. सॅमसंगचाच एक जुना फोन आत धुमसत होता. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे यंत्र वापरले आणि मग फोन पाण्यात बुडवला. विमान सुखरूप उतरले. पळापळ न करता योग्य ते केले की संकट टळते.

भीती, अफवा आणि बेफिकिरी

अशी बातमी आली की लोक तीन तऱ्हांनी वागतात.

काही जण घाबरतात. फोनला हात लावत नाहीत, मुलांना लावू देत नाहीत. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही. देशात कोट्यवधी फोन रोज चार्ज होतात. त्यांतले पेटणारे फार थोडे. काळजी घ्यावी, पण भयाने काम सोडू नये.

काही जण अफवा पसरवतात. “अमक्या नंबरवरून फोन आला आणि उचलला की स्फोट होतो,” असा निरोप फिरतो. हे खोटे आहे. कोणाचा फोन आला म्हणून बॅटरी फुटत नाही. मात्र चार्जिंग चालू असताना बोलत बसू नये. फोन जास्त तापतो, आणि चार्जर खराब असेल तर विजेचा झटका बसू शकतो.

तिसरे बेफिकीर. सगळ्यांत जास्त नुकसान यांचे होते. फुगलेला फोन वर्षभर रबर लावून वापरतात. वायर सोललेली असते, तिला चिकटपट्टी लावतात. एका बोर्डवर पाच पिना खोचतात.

आमच्या वर्गातल्या बाया म्हणतात, “बाई, ओरिजिनल बॅटरीला हजाराच्या वर पैसे सांगतात. टपरीवर तीनशेला मिळते. आम्ही काय करावं?” हा प्रश्न खरा आहे. दिवसाची मजुरी आणि बॅटरीची किंमत यांचा मेळ बसत नाही. पण हिशोब पुरा मांडावा. तीनशेची बॅटरी सहा महिन्यांत बसते. दुसरी घ्यावी लागते. ती फुगली तर फोनचा पडदा जातो. रात्री पेटली तर अंथरूण, घर आणि लेकरू पणाला लागते. एक वेळ फोन जुना घ्यावा, पण बॅटरी आणि चार्जर खात्रीचा घ्यावा. पैसे कमी असतील तर महिना-दोन महिने साठवावे, तोवर साधा बटणाचा फोन वापरावा. फुगलेली बॅटरी मात्र वापरू नये.

आणखी एक वाईट सवय आहे. ती म्हणजे गप्प बसणे. चार्जर घेतला, आठ दिवसांत जळाला, आपण म्हणतो, “जाऊ दे, नशीब आपलं.” नशीब कसले? आपण पैसे मोजले होते.

बॅटरीवरचे अक्षर वाचा

आपल्या सरकारने बॅटरी, चार्जर आणि मोबाईल फोन यांना भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची केली आहे. ती नसेल तर तो माल देशात विकता येत नाही. ही नोंदणी मालावर छापलेली असते. आता एक काम करा. पॉवर बँक, चार्जर किंवा सुटी बॅटरी हातात घ्या आणि चष्मा लावून पुढील गोष्टी शोधा.

(१) आयएस ही इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे आकडा. बॅटरीसाठी हा आकडा १६०४६ आहे.

(२) आर हे इंग्रजी अक्षर, मग एक आडवी रेघ आणि पुढे आठ आकडे. हा नोंदणी क्रमांक. प्रत्येक कारखान्याचा वेगळा असतो.

(३) बनवणाऱ्याचे नाव आणि देश.

(४) चार्जरवर व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे. फोनसोबत आलेल्या जुन्या चार्जरवर जे आकडे आहेत, त्यांच्याशी ते ताडून पाहा.

आर क्रमांक खरा की खोटा, हे बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये क्रमांक टाकून तपासता येते. ॲप फुकट आहे. आपल्याला जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला शेजारी बसवा. पण आकडे आपण वाचा, त्याला टाकू द्या. नकली मालावर कधी कधी अक्षरे चुकीची छापलेली असतात, कधी नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले असते. हळू वाचणाऱ्याला ते दिसते. घाईने पाहणाऱ्याला दिसत नाही.

रोज काय पाळावे

चार्जिंग सपाट, कठीण आणि मोकळ्या जागेवर करावे. फरशी, लाकडी फळी किंवा कोनाडा चांगला. गादी, उशी, कपड्यांचा ढीग नको.

जाड कव्हर असेल तर ते काढून चार्जिंगला लावावा.

झोपताना फोन उशाशी घेऊ नये. चार्जिंग संध्याकाळी, आपण जागे असताना उरकावे.

फोन उन्हात ठेवू नये. शेतात असाल तर डब्याच्या पिशवीत, सावलीला ठेवा.

फोन पाण्यात पडला तर लगेच चार्जिंगला लावू नये. आधी दुकानात दाखवावा.

लहान मुलांच्या हातात चार्जिंगची वायर देऊ नये. ती तोंडात घालतात.

विमानाने जाण्याचा प्रसंग आला तर पॉवर बँक मोठ्या सामानात टाकू नये. ती हातातल्या पिशवीतच न्यावी लागते.

पेटलाच तर

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी आपल्यात म्हण आहे. आग एकीकडे आणि धावाधाव भलतीकडे, असा तिचा अर्थ. सोमेश्वर आपल्याच रस्त्यावर असले तरी आपण तसे करू नये. क्रम लक्षात ठेवा.

पहिले, माणसे दूर करा. मुले आणि म्हातारी माणसे आधी बाहेर काढा. धूर विषारी असतो. खिडक्या-दारे उघडा.

दुसरे, वीज बंद करा. जवळ जाता येत असेल तर बटण बंद करा, नाहीतर मेन स्विच पाडा. फोन हातात धरू नका.

तिसरे, वीज बंद झाल्यावर लांबून भरपूर पाणी ओता. एक तांब्या पुरत नाही, बादली हवी. बॅटरी थंड झाली पाहिजे, नाहीतर ती पुन्हा पेटते. वीज चालू असताना पाणी टाकू नका.

चौथे, आग आवरत नसेल तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. घर कुठे आहे ते खुणेसकट सांगा.

कोणी भाजले तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी धरावे. हळद, तूप, टूथपेस्ट लावू नये. बर्फही लावू नये. मग दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

दाद कोठे मागावी

वस्तू घेताना पक्के बिल मागावे. “बिल घेतलं तर जास्त पैसे पडतील,” असे दुकानदार म्हणाला तर समजावे की, उद्या तो ओळख दाखवणार नाही. बिलावर तारीख, दुकानाचे नाव, वस्तूचे नाव आणि क्रमांक असावा. बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण कागदावरची शाई उडते.

बिघाड झाला तर आधी दुकानदाराला आणि कंपनीच्या केंद्राला लेखी कळवावे. जळालेली वस्तू फेकू नये. तोच आपला पुरावा. मात्र ती घराबाहेर, पत्र्याच्या डब्यात ठेवावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते.

एवढ्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्यात दोषी वस्तूमुळे इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा यांच्याकडून भरपाई मागता येते. आपण जेथे राहतो किंवा काम करतो, तेथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असली तरी नाशिकच्या माणसाला दिल्लीला जावे लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील घेतलाच पाहिजे असे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी.

अर्ज असा लिहावा. रिकाम्या जागा आपण भरा.

“दिनांक ........
प्रति, व्यवस्थापक, ........ दुकान.
विषय : सदोष बॅटरीबद्दल तक्रार.
महोदय,
मी दिनांक ........ रोजी आपल्या दुकानातून ........ ही वस्तू रुपये ........ देऊन घेतली. बिल क्रमांक ......... वस्तूवरील नोंदणी क्रमांक ........ आहे. दिनांक ........ रोजी ती चार्जिंग करताना ........ (काय घडले ते लिहा). त्यामुळे माझे ........ नुकसान झाले. तरी वस्तू बदलून द्यावी किंवा पैसे परत करावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.
आपला/आपली,
सही ........”

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. अंगठा उठवू नका. आता सही करता येते, सहीच करा.

जुनी बॅटरी टाकायची कोठे

घंटागाडी आली की आपण डबा रिकामा करतो. त्यात जुनी बॅटरी टाकू नये. कचरा दाबला जातो, बॅटरी फुटते आणि गाडीलाच आग लागते. ती आग विझवणारा सफाई कामगार आपल्यासारखाच पोटासाठी राबणारा असतो. चुलीत किंवा शेकोटीत तर बॅटरी कधीच टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था बनवणाऱ्याने करायची आहे. म्हणून ती कंपनीच्या केंद्रावर किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. तोवर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून, मुलांपासून दूर ठेवावी.

विस्तव घरात असतोच. चुलीतला विस्तव आपण राखेखाली झाकतो, झोपण्याआधी पाहतो, मुलांना जवळ जाऊ देत नाही. बॅटरीही घरातला विस्तवच आहे. तो दिसत नाही, एवढाच फरक. न दिसणारी गोष्ट कळण्यासाठी वाचावे लागते.

अभ्यास

(अ) उत्तरे लिहा.
१. बॅटरीतल्या पातळ पडद्याचे काम काय?
२. बॅटरी बिघडल्याची तीन चिन्हे सांगा.
३. २००७ साली बॅटरीवरचा किती अंकी क्रमांक वाचावा लागत होता?
४. वीज चालू असताना आगीवर पाणी का टाकू नये?

(आ) शब्दांचे अर्थ पाठ करा.
सदोष – दोष असलेला. नोंदणी – सरकारी वहीत नाव लिहिणे. पोच – कागद मिळाल्याची खूण. भरपाई – नुकसानीचे पैसे.

(इ) करून पाहा.
आज घरी गेल्यावर घरातल्या प्रत्येक चार्जरवरचा आर क्रमांक वहीत लिहा. ज्यावर तो नाही, तो चार्जर वेगळा काढा. शेजारणीलाही हे करायला सांगा.

(ई) वरचा अर्ज वहीत उतरवून काढा आणि स्वतःची सही करा.